संजय गांधीला २१ हजार, लाडकीला अडीच लाख. ही अट लिहितं कोण?

पूर्वभाग_अक्का | ३ ऑगस्ट २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. राजकारणावर भांडायला धागा काढलेला नाही, आधीच सांगते.

आमच्याकडे सोलापूरच्या पूर्व भागात संध्याकाळी फॉर्म भरायला बायका येतात. मी कुठल्या पक्षाची नाही, संस्थेची नाही. शिलाई मशीन बंद केलं की तासभर बसते, एवढंच. गेल्या वर्षी सगळी गर्दी लाडकी बहीणची होती. आता वेगळाच प्रकार सुरू झालाय. पासष्ट ओलांडली की लाडकीतून नाव जातं. मग त्याच बायका श्रावणबाळसाठी, म्हणजे म्हातारपणच्या पेन्शनसाठी येतात. तिथे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत पाहिजे.

एक अव्वा (आजी) आहेत. जन्मभर विड्या वळल्या. पीएफची पेन्शन येते, महिना हजार. मुलगा लूमवर जातो, काम असेल तेव्हा. लाडकीच्या हिशेबाने त्या गरीब होत्या, कारण तिथे मर्यादा अडीच लाखांची. वाढदिवस झाला आणि सरकारदरबारी त्या बसल्या जागी श्रीमंत झाल्या. अर्ज नामंजूर, कारण 'उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त'. संजय गांधी निराधार योजनेतल्या विधवांचंही तेच, तिथेही २१ हजारच.

२१ हजार म्हणजे महिन्याला १७५० रुपये, अख्ख्या घराचे. सरकार देणार महिना १५००.

माझा प्रश्न साधा आहे. हे आकडे ठरवतं कोण? आमदार की कलेक्टर? कचेरीत विचारलं तर म्हणतात 'वरून आलंय'. वर म्हणजे कुठे? तिथे माणूस कोण बसतो आणि कागद कुठला असतो?

शेंगाचटणी | ३ ऑगस्ट, रात्री १०:०२

वर म्हणजे वरच अक्का. तिथवर लिफ्ट जात नाही. 😄

खरं सांगू का, दाखल्यावर २० हजार लिहून आणणारे आणतात बे. आमच्या गल्लीत दोन मजली घरवाल्याचं उत्पन्न १९ हजार हाय. अडकतो तो खरं सांगणारा. तुमच्या अव्वानं पेन्शनचं पासबुक दाखवलंच कशाला?

पूर्वभाग_अक्का | ३ ऑगस्ट, रात्री १०:१०

मागितलं म्हणून दाखवलं. सत्तरीकडे झुकलेल्या बाईला खोटं बोलायला शिकवू का आता?

कार्यासन_निवृत्त | ४ ऑगस्ट, सकाळी ७:१५

ताई, मी कारकून म्हणून मंत्रालयात लागलो आणि कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. मधल्या काळात विभाग बदलले, काम तेच. आता जुळे सोलापुरात असतो. तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर आहे.

वर म्हणजे एक टेबल. त्याला कार्यासन म्हणतात. प्रत्येक योजना कुठल्या तरी कार्यासनाच्या गळ्यात असते. फाईल तिथून उठते. सहायक टिप्पणी लिहितो, कक्ष अधिकारी ती तपासतो, मग अवर सचिव, उपसचिव, सचिव आणि मंत्री. पैसा लागणार असेल तर नियोजन आणि वित्त विभागाकडे चक्कर. विषय मोठा असेल तर मंत्रिमंडळासमोर टिप्पणी. एवढं झालं की फाईल खाली येते आणि शासन निर्णय निघतो, तोच तुमचा जीआर. घटनेच्या कलम १६६ प्रमाणे तो राज्यपालांच्या आदेशाने आणि नावाने निघतो, सही मात्र उपसचिवाची नाहीतर माझ्यासारख्या कक्ष अधिकाऱ्याची.

यात विधानसभा कुठे आली? पैशाच्या ठिकाणी. मार्चच्या अर्थसंकल्पात आणि नंतर पुरवणी मागण्यांत ती पैसा मंजूर करते. २१ हजार की ५० हजार यावर तिथे मतदान होत नाही. कलेक्टर, तहसीलदार यांना तर त्या आकड्याला हात लावायचा अधिकारच नाही. तुमच्या कचेरीतल्या बाई खरं तेच सांगतात, फक्त अर्धं.

आता तुमचा आकडा. संजय गांधी निराधार योजना १९८० ची. तिची रक्कम बरीच वर्षं ६०० होती, २०१९ ला हजार झाली, २०२३ ला १५००. उत्पन्नाची मर्यादा मात्र ६०० च्या काळातली २१ हजारच राहिली. हा निव्वळ विसराळूपणा नाही. रक्कम वाढवायची म्हटली की वित्त विभाग गुणाकार करतो: आहेत ते लाभार्थी गुणिले वाढ. खर्च कळतो, सही होते, बातमी येते. मर्यादा वाढवायची म्हटली की प्रश्न येतो, नवे किती येतील? तो आकडा कार्यासनाकडे नसतो. जिल्ह्याकडे नसतो. तालुक्याला नामंजूर अर्ज पडून असतात, पण त्यांची बेरीज कोणी वर पाठवत नाही, कारण कोणी मागत नाही. वित्त विभाग अशा फाईलवर 'सविस्तर तपशिलासह फेरसादर करावे' लिहितो आणि फाईल कपाटात जाते. मी स्वतः अशा फाईली कपाटात ठेवल्यात.

लाडकीचं उलट झालं. २८ जून २०२४ ला अर्थसंकल्पात घोषणा, त्याच दिवशी जीआर, आणि ३ जुलैला सुधारित जीआर. पहिल्यात वय ६० पर्यंत होतं, ते ६५ झालं. पाच एकरांची अट गेली. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला लागत नाही असं ठरलं. पाच दिवसांत एवढं बदललं. आमच्याकडे एक शुद्धिपत्रक काढायला महिना जातो. नोव्हेंबरात निवडणूक होती, त्यामुळे आकडा नसतानाही सही झाली. अट बदलता येत नाही असं कोणी म्हणालं तर ही तारीख दाखवा.

शेंगाचटणी | ४ ऑगस्ट, सकाळी ८:३०

काका, जीआर वाचायला घेतला की झोप येते. पहिलं पान संपेपर्यंत मी घोरायलोय.

कार्यासन_निवृत्त | ४ ऑगस्ट, सकाळी ९:०५

मागून वाचा. शीर्षक आणि प्रस्तावना सोडून द्या, ती आम्ही जुन्या जीआरमधून उतरवून काढायचो.

शेवटच्या पानावर एक वाक्य शोधा: 'वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक, दिनांक तमुक अन्वये प्राप्त झालेल्या सहमतीने'. पैशाच्या योजनेत हे वाक्य दिसलं नाही तर सावध व्हा. त्याच्या आसपास लेखाशीर्ष असतं, खर्च कुठल्या खात्यातून भागवायचा ते. मग वर या आणि अटी वाचा. 'किंवा' आणि 'आणि' कुठे आहे ते पेन्सिलने अधोरेखित करा. सगळ्यात शेवटी पहिल्या पानावरचं 'वाचा' बघा. तिथे आधीच्या निर्णयांची क्रमांकासह यादी असते. तुमची २१ हजारांची अट ताज्या जीआरमध्ये फार तर एका ओळीत असेल, ती मुळात जिथे आली तो कागद या यादीत सापडतो.

शासनाच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारीख टाकून जीआर मिळतो, फुकट.

करदाता_७रस्ता | ४ ऑगस्ट, दुपारी १:२०

सगळे मर्यादा वाढवा म्हणतायत. पैसा येणार कुठून? लाडकीला पहिल्या वर्षी ४६ हजार कोटींचा अंदाज सांगितला, २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ३६ हजार कोटी. मे महिन्यात सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागाचे पैसे तिकडे वळवले म्हणून खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनीच जाहीर नाराजी दाखवली. म्हणजे एकीचे काढून दुसरीला. आम्ही पगारदार बसलोयच कर भरायला.

मंगळवेढ्याचा_म्हातारा | ४ ऑगस्ट, दुपारी ३:४५

करदातासाहेब, पगारपत्रक उघडा. व्यवसाय कर महिना २०० कापतात ना? फेब्रुवारीत ३००? तो १९७५ च्या कायद्याचा कर. तो कशासाठी आला ते ठाऊक आहे का?

७२ च्या दुष्काळात आपला जिल्हा होरपळला होता. माझी आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. आम्ही पोरं तिथेच झाडाखाली, वाटीत सुकडी. कोणी दानधर्म करत नव्हतं, काम मोजून पैसे मिळायचे. ही रोजगार हमीची कल्पना मंत्रालयातून निघालेली नाही. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनी सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात १९६५ ला आधी करून बघितलं. दुष्काळात ती राज्यभर गेली. मग कायदा झाला १९७७ ला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. आणि पैशासाठी वेगळा कर बसवला, शहरातल्या पगारदारावर, गावातल्या मजुरासाठी. केंद्राचा रोजगार हमीचा कायदा आला २००५ ला.

त्या काळीही तुमच्यासारखे लोक होतेच, माझ्या पैशाने दुसऱ्याला का म्हणणारे. तरी सगळ्या पक्षांनी मिळून ते केलं. काम मागितलं आणि मिळालं नाही तर भत्ता द्यायची सोय कायद्यातच होती. आताच्या योजनेत बाईनं कुणाकडे मागायचं आणि नाही म्हटलं तर कुठे जायचं, लिहिलंय का कुठे?

करदाता_७रस्ता | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ६:०५

व्यवसाय कराचं माहीत नव्हतं, धन्यवाद. पण मुद्दा उरतोच. तेव्हा आधी कर बसवला, मग हक्क दिला. आता आधी घोषणा, नंतर पैसा शोधायचा. मला राग त्याचा आहे, अव्वांचा नाही.

गारमेंट_गल्ली | ४ ऑगस्ट, रात्री ९:१५

धाग्यात थोडं वेगळं टाकतो, पण विषय तोच. मंत्रालयात बसून माप घेतलं की काय होतं ते गणवेशात बघा.

सोलापूरचा गणवेश भारतभर जातो हे इथल्या लोकांना सांगायला नको. झेडपीच्या पोरांचा गणवेश पूर्वी शाळा व्यवस्थापन समिती घ्यायची. समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेतून दोन गणवेशांचे ६०० रुपये मिळायचे. मग 'एक राज्य, एक गणवेश' आलं. २०२४-२५ ला कापड राज्याने एकत्र घेतलं आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडे दिली. कागदावर वाईट काहीच नव्हतं. एकच टेंडर, कापड स्वस्त, बायकांना काम.

पण गणवेशाचा धंदा मापाचा आहे. पहिलीच्या वर्गात २२ नंबर बसणारं पोरगं असतं आणि २८ बसणारंही असतं. आम्ही शाळेत जाऊन टेप लावतो, वर्गवार नग लिहून घेतो, कटिंग उन्हाळ्याच्या आधी सुरू करतो. तेव्हा कुठे जूनमध्ये माल जातो. राज्यभरासाठी इयत्तेवरून सरासरी माप काढलं की काय होणार? बाह्या कोपराच्या खाली, चड्डी कमरेला राहत नाही. शाळा जूनला उघडल्या, कितीतरी ठिकाणी गणवेश पावसाळा संपत आला तरी नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला, खरेदी परत शाळा समितीकडे.

मी धंदेवाला आहे, माझा स्वार्थ आहे, तो धरूनच वाचा. पण टेप लावणाऱ्या एकालाही आधी विचारलं असतं तर एक वर्ष वाचलं असतं.

माढा_गुरुजी | ४ ऑगस्ट, रात्री ९:५०

गारमेंटशेठ, पूर्ण सत्य सांगा. समितीच्या काळातही सगळं गोडच होतं असं नाही. कापड कुठल्या दुकानातून घ्यायचं यावर गावोगावी काय काय व्हायचं ते मुख्याध्यापकांना विचारा. एकत्र खरेदीची कल्पना त्या तक्रारींतूनच पुढे आली. फिरवताना मात्र त्या तक्रारींचं काय करणार ते कोणी लिहिलं नाही.

गारमेंट_गल्ली | ४ ऑगस्ट, रात्री ९:५८

मान्य. 🙏 त्यावर जास्त बोलत नाही, सगळे ओळखीचे आहेत.

माढा_गुरुजी | ४ ऑगस्ट, रात्री १०:४०

शिक्षणाचं थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे कागदाची उतरंड नीट दिसते.

शिक्षण आधी फक्त राज्याच्या सूचीत होतं. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेलं. म्हणून संसदेने २००९ ला शिक्षण हक्क कायदा केला आणि राज्याने त्याखाली नियम. खासगी शाळांत २५ टक्के जागा गरीब मुलांना, हे कायद्यात आहे. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्याने राजपत्रात अधिसूचना काढून नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला ही अट नाही. शहरात एक किलोमीटरच्या आत शाळा नाही असं ठिकाण शोधून दाखवा. म्हणजे २५ टक्के कागदावरच. पालक कोर्टात गेले. उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली, १९ जुलैला बदल रद्द केला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच निकाल राखला. कायद्याने दिलेलं नियमाने काढून घेता येत नाही.

आता हिंदीचं बघा. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी, १६ एप्रिल २०२५ चा जीआर. ओरड झाल्यावर १७ जूनचा सुधारित जीआर. २९ जूनला दोन्ही रद्द आणि समिती. तिथे कोर्टाची पायरीच चढावी लागली नाही, कारण मुळात जीआरच होता. (आमच्या सोलापुरात घरी तेलुगु, गल्लीत कन्नड आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या पोराला हिंदी तिसरी कशी म्हणायची, हे त्या जीआरमध्ये कोणी लिहिलं नव्हतं.)

तिसरं उदाहरण वाडीवस्तीचं. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या (कुठल्या शाळेला किती शिक्षक ते ठरवणाऱ्या) जीआरने सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला की शिक्षकपदावर गदा. पट मोजायचा ३० सप्टेंबरचा, आणि आधार जुळलेल्याच मुलांचा. आमच्याकडे मूल वर्गात बसलेलं असतं, हजेरीला 'हजर सर' म्हणतं, पण आधारवर नावातला एक काना चुकला म्हणून ते मोजलं जात नाही. सप्टेंबरात आम्ही गुरुजी शिकवायचं सोडून आधार केंद्राच्या रांगेत असतो.

आणि खालून वर गेलेलंही सांगतो, नाहीतर एकांगी होईल. आमच्याच तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांवर क्यूआर कोड चिकटवले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते छापून आले. २०२० ला त्यांना जागतिक पुरस्कार मिळाला ते सगळ्यांना माहीत आहे. धोरण म्हणून बघायचं तर ते आधीच झालं होतं, एका वर्गात चाललेलं बालभारतीने उचललं तेव्हा.

शेंगाचटणी | ४ ऑगस्ट, रात्री ११:१२

गुरुजी, कान्यावरून शिक्षक जातो? म्हणजे शुद्धलेखन कच्चं असलं तर शाळा बंद. बरं हाय.

रात्रपाळी_सिस्टर | ५ ऑगस्ट, पहाटे ५:३०

ड्युटी संपवून वाचतेय. आरोग्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी सरकारी नोकरीत परिचारिका आहे, ठिकाण विचारू नका.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याने तपासणी आणि उपचार मोफत केले. पेपरात आलं, सरकारी दवाखान्यात आता सगळं फुकट. लोक खुशीत आले आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत शुल्काची पावती बघून चक्रावले. कारण तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाचा होता. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा, जिल्हा रुग्णालय, हे त्यांच्याकडे. सोलापूरचं सिव्हिल मात्र डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाचं. दोघांचे सचिव वेगळे, पैसे वेगळे. महापालिकेचे दवाखाने तर आणखी तिसरीकडे. पेशंटला तिन्ही सारखेच सरकारी. त्याची काय चूक?

आता चांगली बाजू. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं. गडचिरोली, अमरावती, नांदेड, धुळे, रायगड, मुंबई शहर, उपनगर आणि आपण. बाकी जिल्ह्यांना नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावं लागलं. कल्पना आंध्रच्या २००७ च्या आरोग्यश्रीची. पूर्व भागातल्या लोकांचे सोयरे तिकडे, त्यांना हे कार्डाचं प्रकरण आपल्या आधी ठाऊक होतं. सुरुवातीला कुटुंबाला वर्षाला दीड लाखांपर्यंत मोफत उपचार, किडनी प्रत्यारोपणाला अडीच. २०१७ ला तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, २०२३ च्या निर्णयाने रक्कम पाच लाख आणि पांढरं कार्डही चालतं.

पण अक्का, तुमच्या २१ हजारांसारखी अट इथेही आहे, फक्त ती पैशाची नाही. ती आजारांच्या यादीत आहे. आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयात बसणारा योजनेचा माणूस, पहिल्यांदा रेशनकार्ड बघतो, मग डॉक्टरांनी लिहिलेलं निदान यादीत शोधतो. यादीत असलं तर ऑनलाइन मंजुरीला जातं. नसलं तर पाच लाख असोत की पन्नास, तुमच्यासाठी योजना नाही. आणि कार्डावर सुनेचं नाव चढवलेलं नसलं तर तिथेच अडतं. लग्नाला चार वर्षं झाली, दोन बाळंतपणं झाली, नाव अजून माहेरच्या कार्डावर, असं रोज एक तरी बघते. घरी जाऊन आधी कार्ड तपासा सगळ्यांनी.

औषधांचं एक सांगते आणि झोपते. तमिळनाडूत १९९५ पासून औषधखरेदीचं वेगळं महामंडळ आहे, दवाखान्याला पासबुकासारखी वही मिळते, हवं ते गोदामातून उचला. आपल्याकडे २०१७ ला खरेदी राज्याच्याच हाफकिन महामंडळाकडे दिली, मग २०२३ ला कायदा करून वेगळं प्राधिकरण. खरेदी कोणी करायची हे ठरण्यात बरीच वर्षं गेली आणि बाहेरून आणायच्या चिठ्ठ्या आम्ही लिहीत राहिलो.

पूर्वभाग_अक्का | ५ ऑगस्ट, रात्री ९:२०

सिस्टर, तुमची पोस्ट वाचून आज आलेल्या सगळ्या बायकांची कार्डं बघितली. तिघींच्या सुना नाहीत त्यावर.

निवृत्त काका, तुमचं वाचून मला एक कळलं आणि एक नाही. अट कार्यासनावर लिहिली जाते, वित्त विभागाला आकडा लागतो, आकडा तालुक्याच्या गठ्ठ्यात पडलाय. हे कळलं. मग तो वर न्यायचा कसा? मोर्चा काढायचा का? इथे कामगारनेते आडम मास्तरांनी विडी कामगारांच्या घरांसाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, तेव्हा कुंभारीला घरं उभी राहिली. आमच्याकडे सत्तरीच्या म्हाताऱ्या आहेत. त्या काय मोर्चा काढणार?

कार्यासन_निवृत्त | ६ ऑगस्ट, सकाळी ७:४०

मोर्च्याला नाही म्हणत नाही. मोर्चा निघाला की आमच्याकडे फाईल कपाटातून टेबलावर यायची. पण टेबलावर आल्यावर तिच्यात घालायला काहीतरी लागतं.

असं करा. पहिलं, तोंडी नकार घेऊन कोणाला परत येऊ देऊ नका. नामंजुरी कारणासह लेखी मागा. दुसरं, माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून एवढंच विचारा: मागच्या आर्थिक वर्षात संजय गांधी आणि श्रावणबाळ योजनेचे किती अर्ज आले, किती नामंजूर झाले, आणि त्यातले उत्पन्नाच्या कारणावरून किती. 'का' विचारू नका, 'का'ला उत्तर मिळत नाही. आकडा विचारा. जिल्ह्यात तालुके अकरा आहेत, अकरांना वेगवेगळे अर्ज.

तिसरं, आमदारही अकराच आहेत. पक्ष कुठलाही असो, एकाने तारांकित प्रश्न, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं तो, टाकला तरी पुरे. हिवाळी अधिवेशन डिसेंबरात नागपूरला असतं, त्याच्या पुष्कळ आधी प्रश्न द्यावा लागतो. लोकांना वाटतं प्रश्नाला मंत्री उत्तर देतात. उत्तर लिहितं तेच कार्यासन. आणि लिहिण्यासाठी ते राज्यातल्या प्रत्येक जिल्ह्याकडून आकडे मागवतं, तारीख घालून, 'विधिमंडळ कामकाज, तात्काळ' असा शेरा मारून. तो शेरा असलेला कागद कोणी दाबत नाही. एरवी दहा वर्षांत न झालेली बेरीज दोन आठवड्यांत होते. वित्त विभाग जो आकडा मागत होता तो आपोआप फाईलला लागतो.

प्रश्नात मागणी मोघम नको. ६५ वर्षं पूर्ण झाल्यावर लाडकी बहीणमधून वगळलेल्या महिलेला श्रावणबाळसाठी कुठली उत्पन्न मर्यादा लागू, आणि पिवळं-केशरी रेशनकार्ड तिथे दाखल्याऐवजी का ग्राह्य धरत नाहीत. दोनच मुद्दे. दुसऱ्याला सरकारचा नवा पैसा जवळपास लागत नाही असं दाखवता येईल, तिथून दार उघडेल असा माझा अंदाज आहे.

करदाता_७रस्ता | ६ ऑगस्ट, सकाळी १०:०५

अकरा अर्ज मी टाइप करून देतो. तिकिटंही माझ्याकडून. रेशनकार्ड दाखल्याऐवजी धरायचं हे पटतंय, तो खर्चाचा नाही, अकलेचा प्रश्न आहे.

मंगळवेढ्याचा_म्हातारा | ६ ऑगस्ट, सकाळी १०:२०

मंगळवेढा आणि सांगोल्याचा अर्ज माझ्याकडे द्या. कचेरीत ओळख नाही, पण रिकामा वेळ भरपूर आहे.

गारमेंट_गल्ली | ६ ऑगस्ट, दुपारी १२:४०

झेरॉक्स आमच्या दुकानाशेजारी काढा, पैसे मी बघतो. अक्कलकोट रोडला माणूस रोज जातो, तिकडचे कागद तो पोचवेल.

पूर्वभाग_अक्का | ६ ऑगस्ट, रात्री ९:४५

सगळ्यांना नमस्कार. आज वही घातली. रकाने आखलेत: अर्जाची तारीख, योजना, वय, नकाराचं कारण, दाखल्यावरचं उत्पन्न, रेशनकार्डाचा रंग. पहिल्या पानावर अव्वा. नावं लिहायची का? बायका घाबरतात, म्हणतात नाव गेलं तर मिळणारही जाईल.

कार्यासन_निवृत्त | ६ ऑगस्ट, रात्री १०:१५

नावं नकोत. अनुक्रमांक द्या, आणि वॉर्ड किंवा गाव लिहा. अर्ज क्रमांक मात्र वेगळ्या वहीत, ती तुमच्याजवळच ठेवा. आणि 'लाडकीतून कधी वगळलं' हा एक रकाना वाढवा, तारखेसकट.